वसंतातील हिमस्खलन : धोक्याचे स्वरूप आणि सुरक्षित प्रवास

हिवाळा सरला की हिमालयातील हिमस्खलनाचा धोका टळतो, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात मार्च ते मे या काळात हा धोका नाहीसा होत नाही; त्याचे स्वरूप बदलते. परीक्षा आटोपल्यावर पुणे, मुंबई, नागपूर, भिलाई अशा शहरांतून हिमाचल प्रदेश, उत्तराखंड आणि सिक्कीमकडे पदभ्रमणासाठी जाण्याचा काळही हाच असतो. सह्याद्रीतील कडेकपाऱ्यांचा सराव असलेल्यांनाही बर्फाळ उतारांचा अनुभव असतोच असे नाही.

४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोक-नथुला मार्गावर दुपारी बाराच्या सुमारास झालेल्या हिमस्खलनात सात पर्यटक मृत्युमुखी पडले. पर्यटकांना तेराव्या मैलापर्यंतच परवानगी होती. दुर्घटना पंधराव्या मैलाजवळ घडली. २३ एप्रिल २०२१ रोजी उत्तराखंडमधील चमोली जिल्ह्यात सुमना येथे सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांची छावणी हिमस्खलनाखाली सापडली. त्यापूर्वी तेथे अनेक दिवस पाऊस आणि हिमवृष्टी सुरू होती. त्याच जिल्ह्यात माणा येथे २८ फेब्रुवारी २०२५ रोजी ५४ कामगार बर्फाखाली अडकले. त्यांपैकी आठ जणांचा मृत्यू झाला.

धोका कसा निर्माण होतो?

बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. हिवाळ्यात नव्या बर्फाचा थर खालच्या कमकुवत थरावरून निसटतो. वसंतात मुख्य कारण उष्णता असते. निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग गोठून कठीण होतो आणि पहाटे उतार तुलनेने स्थिर असतात. ऊन चढू लागले की बर्फ वितळतो, पाणी आत झिरपते आणि कणांची परस्परांवरील पकड सुटते. पूर्वेकडील उतार प्रथम तापतात, त्यानंतर दक्षिणेकडील आणि दुपारी पश्चिमेकडील. ढगाळ रात्री बर्फ पुरेसा गोठत नाही. अशा वेळी सकाळदेखील सुरक्षित मानता येत नाही. बर्फावर पाऊस पडल्यास धोका झपाट्याने वाढतो.

ओले हिमस्खलन कोरड्या बर्फाच्या लोटापेक्षा संथ असले तरी अतिशय जड असते. थांबताच ते घट्ट होते आणि अडकलेल्या व्यक्तीला हातही हलविता येत नाही.

धोक्याच्या खुणा

उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळणे, पाय घोट्याच्या वर रुतू लागणे, पावलाखाली बर्फ खचल्याचा दबका आवाज येणे, पृष्ठभागावर भेगा धावणे आणि जवळपास ताजे हिमस्खलन दिसणे, या सर्व माघारी फिरण्याच्या सूचना आहेत. कड्याच्या माथ्यावर वाऱ्याने साचलेले बर्फाचे छज्जे उन्हात कोसळतात. त्यांच्यावरून अथवा खालून जाणे टाळावे.

प्रवासाचे नियम

पहाटेपूर्वी निघून ऊन तापण्याआधी खिंड ओलांडावी आणि तीव्र उतारांपासून दूर यावे. न्याहारी उरकून निघण्याची सह्याद्रीतील सवय येथे घातक ठरू शकते. माघारी फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी. संशयास्पद उतार एकेकाने ओलांडावा आणि इतरांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर लक्ष ठेवावे. घळीत अथवा तिच्या तोंडाशी थांबू नये, तंबूही ठोकू नये.

डीआरडीओची संरक्षण भू-माहितीशास्त्र संशोधन संस्था (डीजीआरई) हिमालयातील हिमस्खलनाचे इशारे देते. २०२० मध्ये मनालीच्या हिम आणि हिमस्खलन अभ्यास संस्थेचे (सासे) तिच्यात विलीनीकरण झाले. हे इशारे, हवामान खात्याचा अंदाज आणि स्थानिक प्रशासनाच्या सूचना रोज पाहाव्यात. परतीच्या रेल्वे आरक्षणामुळे धोका पत्करण्याची वेळ येऊ नये, यासाठी कार्यक्रमात एक-दोन दिवस राखून ठेवावेत.

अपघात घडल्यास

गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढला गेल्यास तो वाचण्याची शक्यता दहापैकी सुमारे नऊ असते. त्यानंतर ती झपाट्याने घटते. बचावपथक इतक्या लवकर पोहोचणे बहुधा अशक्य असल्याने खरी मदत सोबत्यांकडूनच मिळते. म्हणून प्रत्येकाजवळ संकेत देणारा व शोधणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून पाहण्याची लांब सळई आणि फावडे असावे. त्यांच्या वापराचा सरावही असावा.

हिमस्खलनात सापडलेल्याने ओरडून सोबत्यांना सावध करावे, हातातील काठ्या सोडाव्यात, प्रवाहाच्या कडेकडे सरकण्याचा प्रयत्न करावा आणि बर्फ थांबण्यापूर्वी तोंडासमोर हात धरून श्वासासाठी पोकळी ठेवावी. सोबत्यांनी तो शेवटचा कोठे दिसला ती जागा लक्षात ठेवावी, पुन्हा बर्फ कोसळण्याचा धोका नाही याची खात्री करावी आणि त्या जागेपासून उताराच्या दिशेने तत्काळ शोध सुरू करावा.