खाजकुइरी, कंपवात आणि पायांतील गुठळी

बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालच्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांना उत्तरेकडून सातपुड्याचे रान लागून आहे. अशा पानगळीच्या रानात खाजकुइरीचा वेल पावसाळ्यात झुडपांवर चढतो. जांभळ्या फुलांनंतर येणाऱ्या शेंगांवर पिंगट लव असते. ती अंगाला लागली की आग होते, खाज सुटते. आतल्या बिया मात्र आयुर्वेदात ‘आत्मगुप्ता’ या नावाने पूर्वापार औषधी मानल्या गेल्या. त्या दुधात शिजवून, टरफल काढून शुद्ध करतात.

याच बियांचा संबंध पुढे कंपवाताशी, म्हणजे पार्किन्सनच्या आजाराशी, जुळला. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली कंपवाताचे सविस्तर वर्णन केले, पण उपाय हाती नव्हता. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुइरीच्या बियांतून लेवोडोपा वेगळा केला. त्याचा कंपवाताशी असलेला संबंध तेव्हा उमगलेला नव्हता. शरीरात लेवोडोपापासून बनणारे डोपामिन कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत घटलेले असते, हे १९६० साली व्हिएन्नात दिसून आले. १९६७ साली अमेरिकेत कोटझियास यांनी तोंडाने द्यायच्या लेवोडोपायुक्त औषधाच्या मोठ्या मात्रेचा गुण दाखवला. पुढे १९७८ साली मुंबईतील डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी खुद्द खाजकुइरीच्या चूर्णाचा रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला.

लेवोडोपाने हालचाल सुधारते, आणि पायांच्या दृष्टीने हीच मोलाची गोष्ट आहे. चालताना पोटरीचे स्नायू आवळले की शिरांतले रक्त वर ढकलले जाते. कंपवातात अंग ताठरते, चाल मंदावते, रुग्ण तासन् तास एका जागी बसून राहतो आणि रक्त पोटरीत साचते. रक्तप्रवाह मंदावणे, शिरेच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे ही शिरेत रक्ताची गुठळी होण्याची तीन कारणे जर्मन वैद्य विर्को यांच्या नावाने ओळखली जातात. पडून खुब्याचे हाड मोडले, अंथरूण धरले, किंवा घाटाखालच्या उन्हाळ्यात अंगात पाणी कमी पडले, की धोका आणखी वाढतो.

कंपवाताच्या काही गोळ्यांनीही घोटे सुजतात, पण ती सूज बहुधा दोन्ही पायांना असते. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला, तर डॉपलर सोनोग्राफी तातडीने करावी लागते. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. धाप लागणे किंवा छातीत दुखणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी रुग्णाला लगेच दवाखान्यात न्यावे. लेवोडोपाच्या गोळ्या चालू असताना खाजकुइरीचे चूर्ण मनाने घेऊ नये, कारण दोन्हींतले द्रव्य एकच असल्याने मात्रा वाढते.