'बालेकिल्ला' : अर्थ आणि व्युत्पत्ती

निवडणुकीच्या बातम्यांमध्ये 'अमुक पक्षाचा बालेकिल्ला' हा शब्दप्रयोग हमखास आढळतो. एखाद्या पक्षाचे ज्या मतदारसंघावर दीर्घकाळ वर्चस्व आहे, तो त्याचा बालेकिल्ला, असा त्याचा रूढ अर्थ झाला आहे. मूळ शब्द मात्र दुर्गशास्त्रातील असून त्याचा अर्थ अधिक काटेकोर आहे.

'बालेकिल्ला' या शब्दातील 'बाल' म्हणजे लहान, असा समज अनेकदा करून घेतला जातो. तो चुकीचा आहे. येथील 'बाला' हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ 'वरचा', 'उंचावरील' असा होतो. मोगल काळात वऱ्हाडचे पायनघाट आणि बालाघाट असे दोन भाग मानले जात. त्यांतील बालाघाट म्हणजे घाटावरचा प्रदेश. तेथेही हाच 'बाला' आहे. काबूल, पेशावर आणि गोवळकोंडा येथील 'बाला हिसार' या नावांची घडण अशीच आहे. 'हिसार' हा तटबंदीसाठीचा अरबी शब्द. हरियाणातील हिसार शहराचे नावही त्यावरूनच पडले.

'किल्ला' हा शब्द अरबी 'कलआ' पासून फारसीमार्गे मराठीत आला. अरबांबरोबर तो पश्चिमेकडेही गेला. स्पेनमधील आल्काला दे एनारेस या नगराच्या नावात अरबी उपपदासह हाच शब्द दडलेला आहे. 'डॉन किहोते'चा कर्ता सर्व्हांतेस याचे ते जन्मगाव. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ नारायण हणमंते यांनी सिद्ध केलेल्या 'राज्यव्यवहारकोशा'त फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले, आणि त्यात दुर्गविषयक शब्दांचा स्वतंत्र वर्गही आहे. तरीही लोकांच्या तोंडी 'दुर्ग' आणि 'गड' यांच्या जोडीला 'किल्ला' टिकून राहिला. मराठीने परका शब्द घालवला नाही, शेजारी बसवला.

बालेकिल्ला म्हणजे किल्ल्यातील सर्वांत उंच व स्वतंत्र तटबंदी असलेला भाग. राजगडावर याचे उत्तम उदाहरण पाहावयास मिळते. पद्मावती, संजीवनी आणि सुवेळा या तीन माच्यांच्या मधोमध बालेकिल्ल्याचा कडा उभा आहे. वर जाण्यास खडकातील खड्या पायऱ्यांची अवघड वाट आहे. वर पाण्यासाठी चंद्रतळे आहे. पाण्याची ही सोय महत्त्वाची, कारण माच्या शत्रूच्या हाती पडल्या तरी बालेकिल्ला लढवता यावा, हाच त्या रचनेचा हेतू होता. ग्रीक 'अक्रोपोलिस' म्हणजे उंचावरील नगर. त्यामागील कल्पनाही उंचीचीच आहे. इटालियन भाषेत मात्र अशा वास्तूला 'छोटे नगर' या अर्थाचे नाव मिळाले.

या दृष्टीने पाहता बातम्यांतील वापर थोडा सैल ठरतो. केवळ प्रभावक्षेत्र म्हणजे बालेकिल्ला नव्हे. इतर सारे हातचे गेल्यावरही जे राखता येते, ते ठिकाण म्हणजे बालेकिल्ला.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले समाविष्ट झाले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत आणि राजगड त्यांत आहे. बारावा तमिळनाडूतील जिंजी. तीन टेकड्यांवर पसरलेल्या या दुर्गाचा बालेकिल्ला राजगिरी टेकडीवर आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात मोगलांचा जिंजीला पडलेला वेढा १६९० ते १६९८ असा प्रदीर्घ काळ चालला.