पंखा, रिमोटचा (छताचा) : दोष व बदल

भिंतीवरच्या रेग्युलेटरऐवजी हातातल्या रिमोटने वेग बदलता येणारा छतपंखा. विजेचा छतपंखा फिलिप डील यांनी अमेरिकेत १८८२ च्या सुमारास तयार केला. भारतात रिमोटचा पंखा घरोघर पोचला तो प्रामुख्याने बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी) मोटरीमुळे. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या ॲटमबर्ग कंपनीचा त्यात मोठा वाटा आहे. छतपंख्यांना ऊर्जा कार्यक्षमतेचे तारांकन २०२३ पासून सक्तीचे झाले.

रचना : १,२०० मिमी.चा साधा पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॉट वीज घेतो. बीएलडीसी साधारण २८ ते ३५ वॉट. साध्या पंख्याची मोटर कंडेन्सरच्या आधारे थेट २३० व्होल्टवर चालते. बीएलडीसीत फिरत्या भागावर कायमचे चुंबक असते आणि सर्किट वेढ्यांना क्रमाने वीज पुरवते. त्यामुळे व्होल्टेज पडले तरी वेग टिकतो.

बालाघाट : मध्य प्रदेशातला जिल्हा, वैनगंगेकाठी, गोंदिया व भंडारा जिल्ह्यांना लागून. इथे लांब तारेच्या टोकाला असलेल्या घरांत भर उन्हाळ्यात व्होल्टेज पडले, की साधा पंखा मंदावतो. बीएलडीसी अशा घरांत खरोखर उपयोगी पडतो. पावसाळी गडगडाटात मात्र तारेतून आलेल्या दाबाच्या झटक्याने त्याचेच सर्किट जळू शकते. भिंतीवरच्या बटणाने एकच तार तुटते, म्हणून अशा वेळी दोन्ही तारा तोडणारा एमसीबी खाली करावा. बीएलडीसीची सर्किटे कंडेन्सरपेक्षा जास्त बिघडतात का, यावर मिस्त्रींमध्ये एकमत नाही.

दोष शोधणे : आधी सेल बदलावेत. मग मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोटचे बटण दाबावे. दिव्यात जांभळट उजेड दिसला तर इन्फ्रारेड रिमोट चालू आहे. (काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात तो दिसत नाही, पुढचा वापरून पाहावा.) रेडिओ लहरींच्या रिमोटला ही परीक्षा लागू नाही. रिमोट ठीक असून पंखा दाद देत नसेल, तर मेन बंद करून मिनिटभराने चालू करावी आणि पुस्तिकेप्रमाणे रिमोट पुन्हा जोडावा. पंखा जुन्या रेग्युलेटरमधून जोडलेला असेल तर रेग्युलेटर आधी काढावा; बीएलडीसीला थेट पुरवठाच हवा, नाहीतर गुणगुण, धक्के आणि शेवटी सर्किट जाणे. हाताने ढकलल्यावर पाती मोकळी फिरतात, पुरवठाही येतो, तरी पंखा सुरू होत नाही, अशा वेळी दोष बहुधा सर्किटात असतो. पाती अडत किंवा करकरत असतील तर बेअरिंग पाहावे. साध्या पंख्याला रिमोटचे किट लावले असेल आणि तो मंद फिरत असेल, तर कंडेन्सर आधी तपासावा. तो सहसा २.५ मायक्रोफॅरडच्या आसपासचा असतो.

बदल : एमसीबी बंद करून टेस्टरने खात्री करावी. काही जुन्या घरांत बटण न्यूट्रलवर असते, म्हणून बटण बंद असले तरी तारेत वीज असू शकते. हूक भक्कम आहे का ते पाहावे, दांडीच्या बोल्टची खिटी नीट वाकवावी. पाती जमिनीपासून किमान २.४ मीटर उंच असावीत. अर्थिंगची तार सोडू नये.

डगमग : पाती अदलाबदल करून पाहावी.

निष्कर्ष : सर्किट मिळत असेल तोवर पूर्ण पंखा बदलू नये. पावती व हमीपत्र जपून ठेवावे. हमीच्या मुदतीत बाहेरच्या मिस्त्रीने पंखा उघडल्यास कंपन्या सहसा हमी नाकारतात.