हाती दिलेल्या जनावराचा हिशेब

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमधील पाँ नफ हा पूल आणि सेन नदीचे काठ ही कुत्र्यांचे केस भादरणाऱ्या कारागिरांची ठरलेली जागा होती. पुलावर जोडे पुसून देणाऱ्यांपैकी अनेक जण हे काम करीत, मांजरांचे खच्चीकरणही करीत आणि गिऱ्हाइकाच्या घरी येऊन सेवा दिली जाईल, असे आपल्या पाटीवर रंगवून ठेवीत. आज ज्या सेवेला ‘मोबाइल ग्रूमिंग’, म्हणजे दारी येऊन केले जाणारे श्वानप्रसाधन, म्हटले जाते, तिची पाळेमुळे अशी दोन शतकांहून मागे जातात. जिनिव्हात जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले चित्रकार जॉन जेम्स शालों यांनी १८२० च्या सुमारास पॅरिसच्या लोकजीवनावर जी शिलामुद्रित चित्रमालिका काढली, तीत कुत्री भादरणाऱ्या बायकांचेही एक चित्र आहे. त्यावरून हा धंदा केवळ पुरुषांचा नव्हता, हे कळते.

या धंद्याला गिऱ्हाईक मिळवून दिले ते प्रामुख्याने पूडल जातीच्या कुत्र्याने. पूडल हा मूळचा पाण्यात पडलेली शिकार उचलून आणणारा कुत्रा असून त्याचे कुरळे केस इतर जातींप्रमाणे गळून न पडता वाढत राहतात आणि वेळेवर कातरले नाहीत, तर त्यांच्या जटा होतात. पोहताना अडथळा होऊ नये म्हणून मागचा भाग भादरायचा आणि थंड पाण्यापासून बचाव व्हावा म्हणून छातीवर व सांध्यांवर केस राखायचे, अशी या कापणीमागची उपपत्ती सांगितली जाते. पुढे तीच कापणी शहरी घराण्यांची हौस बनली आणि शिकाऱ्याची गरज कारागिराच्या रोजीरोटीचा आधार झाली.

पुलावरच्या या व्यवहाराचे एक वैशिष्ट्य आजवर पुरेसे लक्षात घेतले गेलेले नाही. कुत्रा मांडीवर किंवा खोक्यावर धरून, भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत कातर चालत असे; मालक किंवा त्याचा नोकर तेथेच उभा असला, तर कान कापला गेल्याचे किंवा कातडी सोलवटल्याचे त्याच क्षणी दिसत असे आणि मजुरी द्यायची की नाही, हा वादही तेथल्या तेथे होऊ शके. शिवाय कारागिराला दुसऱ्या दिवशी त्याच पुलावर बसायचे असल्याने लौकिक गमावणे त्याला परवडणारे नव्हते. जनावराला स्वतःची तक्रार सांगता येत नाही, ही या धंद्यातील मूळ अडचण आहे आणि उघड्यावरच्या कामात तिच्यावर उपाय आपसूकच होत असे.

काम दाराआड गेले, तेव्हा हा उपाय संपला. १८७३ मध्ये लंडनमध्ये केनेल क्लबची स्थापना झाली, श्वानप्रदर्शने वाढली आणि त्यांबरोबर जातीनुसार काटेकोर केशरचनेला महत्त्व आले. १८९० च्या दशकात तर न्यू बाँड स्ट्रीटसारख्या उच्चभ्रू रस्त्यावर केवळ कुत्र्यांच्या स्नानाची व केशकर्तनाची आस्थापना चालत होती. अमेरिकेत लिओ वाल यांना १९२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या केशकर्तन यंत्राचे पेटंट मिळाले आणि या यंत्रांमुळे, म्हणजे आजच्या बोलीतील ‘क्लिपर’मुळे, कामाची गती वाढली, त्याचबरोबर इजेचा प्रकारही बदलला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी उपनगरांत टब, पाण्याची टाकी आणि ड्रायर बसवलेल्या गाड्या फिरू लागल्या आणि एकविसाव्या शतकात मुंबई, पुणे व बंगळुरू येथील गृहसंकुलांच्या फाटकांशी अशा व्हॅन उभ्या राहू लागल्या. मालकाच्या दारी येणारी ही सेवा प्रत्यक्षात मालकाच्या नजरेआड घडते. गाडीचे दार लागते, तास-दीड तासाने कुत्रा परत मिळतो आणि गाडी पुढच्या पत्त्याकडे निघून जाते.

या दाराआड काय बिघडू शकते, हे थोडे जवळून पाहणे आवश्यक आहे. क्लिपरचे पाते सतत चालले की तापते आणि पोटाखालच्या, जांघेतल्या पातळ कातडीवर टेकले की चटका बसतो, जो बहुधा काही तासांनी लालसर पट्टा म्हणून उमटतो. लोंबत्या कानांच्या कडेला धरलेल्या घट्ट जटा कातरीने कापताना कानाची पाळीच कापली जाते. जटा नीट निघाल्या, तरी मोकळा झालेला कान कुत्रा एकसारखा झटकतो आणि आत रक्त साकळून कान फुगतो. नख मर्यादेपलीकडे कापले, तर आतील शीर तुटून रक्त वाहते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला गरम ड्रायरसमोर कोंडून ठेवणे जिवावर बेतू शकते. पॉमेरेनियनसारख्या दुहेरी केसांच्या, म्हणजे वर राठ आणि आत मऊ लव असलेल्या, कुत्र्याचे अंग उन्हाळ्यासाठी म्हणून पार भादरले, तर पुढे अनेक महिने केस नीट येत नाहीत. यांतील काही गोष्टी निष्काळजीपणाने होतात, तर काही मालकाने महिनोन्‌महिने कुत्र्याचे केस न विंचरल्यामुळे ओढवतात. नेमके काय घडले, हे ठरवण्याचे साधन हाताशी नसल्यामुळेच वाद चिघळतो.

जनावर दुसऱ्याच्या स्वाधीन केल्यावर उद्भवणाऱ्या वादाचा विचार भारतीय परंपरेने फार पूर्वी केलेला आहे. धर्मशास्त्राने न्यायालयीन वादांचे जे अठरा विषय मानले, त्यांत ‘स्वामिपालविवाद’, म्हणजे जनावराचा मालक आणि गुराखी यांच्यातील तंटा, हा स्वतंत्र विषय आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायानुसार दिवसा जनावराची जबाबदारी गुराख्यावर असते आणि रात्री ते मालकाच्या घरी पोचले की मालकावर येते; गुराख्याने पुरेसे यत्न न केल्यामुळे जनावर हरवले, किडे पडून किंवा कुत्र्यांच्या हल्ल्यात मेले, तर भरपाई त्यानेच द्यायची. चोरांनी उघडपणे जनावर पळवून नेले, तर मात्र तो दोषी ठरत नाही, परंतु योग्य स्थळी आणि योग्य वेळी मालकाला वर्दी देणे ही त्या सुटकेची अट आहे. जनावर मेलेच, तर कान, कातडे, शेपूट यांसारख्या खुणा आणून दाखवण्याचे कामही गुराख्याचे. त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात जनावरावर चुकीचे उपचार करणाऱ्या वैद्याला दंड सांगितला आहे, तर कौटिलीय अर्थशास्त्रात धोब्याने कपडे लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत दगडावरच धुवावेत आणि अन्यत्र धुऊन फाडल्यास नुकसानीबरोबर दंडही भरावा, असा नियम आहे. स्मृतींची दंडव्यवस्था वर्णभेदाने डागाळलेली होती आणि महाडला १९२७ मध्ये मनुस्मृतीचे दहन झाले, ते या विषमतेच्या निषेधार्थच. तथापि पुराव्याचे ओझे जनावर ज्याच्या ताब्यात होते त्याच्यावर टाकणारे हे तत्त्व मोलाचे आहे आणि ते विसरले जाऊ नये.

महाराष्ट्रातही या तत्त्वाला व्यवहारात आधार होता. सभासद बखरीत शिवकालीन पागेची जी व्यवस्था नोंदली आहे, तीत पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी, म्हणजे पखालीने पाणी पुरवणारा, नेमलेला दिसतो. घोड्याचा खूर बिघडला, तर विचारायचे कोणाला, हे त्यामुळे आधीच ठरलेले असे. गावगाड्यात न्हावी, लोहार, चांभार हे बलुतेदार पिकाच्या वेळी धान्यरूपाने आपला वाटा घेत आणि तंटा गोतसभेपुढे, म्हणजे स्थानिक न्यायसभेपुढे, जाई. या व्यवस्थेने अनेकांना जातीत जखडून ठेवले, म्हणून तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण काम करणारा आणि करवून घेणारा एकमेकांना ओळखत आणि पुढच्या सुगीला पुन्हा समोरासमोर येत, हे खरे.

इंग्रजी अमदानीत हीच कल्पना नव्या कायद्याच्या भाषेत आली. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमात ‘निक्षेप’, म्हणजे आपली वस्तू विशिष्ट कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात देणे, याचे नियम असून सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी ताबेदाराने घेतली पाहिजे, असे कलम १५१ सांगते. कायदा कुत्र्याला मालमत्ता मानत असल्याने हा नियम त्यालाही लागू पडतो. १८८० च्या दशकात मुंबईत परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये तेथे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले; त्यामुळे मालक आणि कारागीर यांच्या वादात जखमेबद्दल शास्त्रीय मत देऊ शकणारा तिसरा, तटस्थ साक्षीदार उपलब्ध झाला. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याचा आधार मात्र तोकडा आहे, कारण त्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये एवढाच दंड आहे. इतक्या वर्षांत ही रक्कम बदललेली नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

खरा बदल घडवला तो ग्राहक संरक्षण कायद्याने, प्रथम १९८६ मध्ये आणि नंतर २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागलेल्या २०१९ च्या नव्या अधिनियमाने. नव्या कायद्यातील ‘सेवेतील त्रुटी’ या संज्ञेत कामातील उणिवेबरोबरच ग्राहकापासून संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवणे याचाही समावेश आहे, त्यामुळे कापलेला कान केसांआड झाकून कुत्रा परत देणे हीसुद्धा त्रुटीच ठरू शकते. मालकाला वेळीच वर्दी देण्याची जुनी अट येथे नव्या रूपात दिसते. दुसरी तरतूद फिरत्या व्यवसायाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे: तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते, म्हणून गाडी दुसऱ्या शहरात निघून गेली, तरी मालकाला तिच्यामागे धावावे लागत नाही.

या तरतुदींचा उपयोग पुराव्यावर अवलंबून आहे. त्यामुळे कुत्रा गाडीत देण्यापूर्वी कारागिरासमोर त्याचे कान, पोट व पंजे यांची छायाचित्रे घ्यावीत, जटा किंवा जुन्या जखमा असल्यास दोघांनी त्या मान्य करून लिहून ठेवाव्यात, काम चालू असताना दार उघडे ठेवण्याचा आग्रह धरावा आणि इजा आढळताच त्याच दिवशी पशुवैद्यकाचा दाखला घेऊन सेवादात्याला लेखी कळवावे. प्रामाणिक कारागिरालाही या नोंदींचे संरक्षण मिळते, कारण मालकाच्या हेळसांडीने झालेल्या जटांचा दोष त्याच्या माथी येत नाही. सेवादात्याकडून उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि जिल्हा आयोगाकडे जायचे असल्यास घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते.