सहा घोडे, दहा घोडे आणि एक 'या'

'एका पेनची किंमत क्ष मानू' या ओळीचं कूळ शोधताना आपण अक्षरापाशीच थांबतो आणि १६३७ साली अज्ञातासाठी अशी अक्षरं वापरणाऱ्या देकार्तला श्रेय देऊन मोकळे होतो. माझ्या मते हे कूळ हिशेबात आहे. माहीत नसलेली रक्कम माहीत असलेल्या रकमेशेजारी मांडली गेली आणि देण्यालाही त्याच ओळीत जागा मिळाली, तेव्हा रेषीय राशी, म्हणजे दर गुणिले नग आणि त्यात ठरीव रक्कम अधिक किंवा उणे, व्यवहाराला पुरी पडू लागली. भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'तलं (सुमारे ११५०) उदाहरण पाहा. एकाकडे ३०० रूपक आणि सहा घोडे. दुसऱ्याकडे त्याच किमतीचे दहा घोडे, पण डोक्यावर १०० रूपकांचं कर्ज. दोघांची मालमत्ता सारखी, तर घोड्याची किंमत किती? अज्ञात 'यावत्तावत्'चा होतो 'या', रूपकांचा 'रू'. वरच्या ओळीत 'या ६ रू ३००', खालच्या ओळीत 'या १० रू १००', आणि या १०० च्या डोक्यावर ऋण दाखवणारं टिंब. वजाबाकी केली की चार घोड्यांचे ४०० रूपक, म्हणजे एका घोड्याचे १००.

कोणी म्हणेल, इजिप्तमध्ये अशी उदाहरणं फार आधी सुटत होती. खरं आहे. ऱ्हिंड पपायरसमध्ये (इ.स.पू. सुमारे १५५०) एक राशी आणि तिचा सातवा भाग मिळून १९ होतात. लेखनिक उत्तर ७ धरतो, बेरीज ८ येते, मग ७ ला १९/८ ने गुणतो. पण शेजारी ३०० रोख असले, की नुसत्या प्रमाणाने भागत नाही. ग्रीक गणिती डायोफँटसकडे अज्ञाताचं चिन्ह होतं, तरी ऋण उत्तर देणारं समीकरण त्याने निरर्थक ठरवलं. धन-ऋणाचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये सांगितले होते, म्हणून भास्कराचार्यांना कर्ज बिनदिक्कत मांडता आलं.

दुसरा आक्षेप असा, की सगळे घोडे एकाच किमतीचे कुठे असतात? नसतात, म्हणूनच उदाहरणात 'त्याच किमतीचे' ही अट घातली आहे. दर स्थिर असेल तरच राशी रेषीय राहते. वीजबिलात युनिटचा दर टप्प्याटप्प्याने बदलतो. तिथे स्थिर आकार तोच राहिला तरी प्रत्येक टप्प्याची राशी वेगळी मांडावी लागते. तेव्हा शाब्दिक उदाहरण शिकवताना 'क्ष काय मानायचं' याच्याही आधी मुलांना विचारायला लावावं : यात दर कोणता, ठरीव रक्कम कोणती, आणि तो दर शेवटपर्यंत टिकतो का?