जांबेतलं भूत आणि थोरला भाऊ

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ नावाचं गाव आहे. तिथे एका आईने घरी परतलेल्या मुलाला विचारलं, अशी आख्यायिका आहे, की बाळा, तुला हे कोणतं भूत वश झालंय? मुलगा म्हणजे नारायण सूर्याजीपंत ठोसर, पुढचे समर्थ रामदास. आई राणूबाई. लहानपणी पळून गेलेला पोर सुमारे 24 वर्षांनी उंबऱ्याशी उभा राहिला तेव्हा वाट पाहून तिची दृष्टी गेली होती. त्याने डोळ्यांवरून हात फिरवला आणि तिला दिसू लागलं, असं सांगतात. त्यावर तिला सुचली ती भूतविद्याच.

त्या काळच्या घरात हा प्रश्न मुळीच चमत्कारिक नव्हता. समंध, झोटिंग, हडळ, ब्रह्मराक्षस ही नावं रोजच्या बोलण्यातली. पोराला ताप चढला की देवऋषी आणि अंगारा आलाच. समर्थांच्या भीमरूपी स्तोत्राची फलश्रुतीसुद्धा भूतप्रेत आणि समंधाच्या पीडेपासून सुटका सांगते. आईच्या प्रश्नाला नारायणाने अभंगातून उत्तर दिलं, आणि त्या अभंगातलं भूत म्हणजे खुद्द अयोध्येचा राम. तिच्याच भाषेत शिरून त्याने आईची भीती घालवली. समर्थचरित्रात याहून हळवा प्रसंग विरळाच.

पण या घरात आणखी एकजण होता. गंगाधर, नारायणापेक्षा सुमारे 3 वर्षांनी मोठा. समर्थ संप्रदाय त्यांना ‘श्रेष्ठ’ म्हणतो.

नारायणाचा जन्म 1608 च्या रामनवमीचा. वडील 1615 च्या सुमारास गेले आणि दहा वर्षांच्या गंगाधराच्या अंगावर घर पडलं. धाकट्याने मंत्रोपदेश मागितला तर थोरल्याने तू अजून लहान आहेस म्हणून नाकारला. रुसलेला नारायण गावच्या मारुतीच्या देवळात जाऊन बसला, अशी कथा आहे. मग बाराव्या वर्षी आसनगावच्या लग्नमंडपातून ‘सावधान’ ऐकताच तो पळाला. नाशिकजवळच्या टाकळीला 12 वर्षं तप, पुढे 12 वर्षं देशभर भ्रमण. हे सगळं कीर्तनकार रंगवून सांगतात.

मागे राहिलेल्याचं कीर्तन कोण करणार? अर्ध्यावर मोडलेल्या लग्नाची लाज, रडून डोळे गमावलेली आई, गावचं कुलकर्ण, देवाची पूजा, पुढे स्वतःचा संसार, हे सगळं गंगाधराने ओढलं. नारायण 24 वर्षं मोकळा हिंडू शकला, कारण जांबेत आईजवळ कुणीतरी होतं. गंगाधरांना लेखणीही होती. ‘रामी रामदास’ या नावाने त्यांनी लिहिलं. ‘भक्तिरहस्य’ हा त्यांचा ग्रंथ. धाकट्याच्या दासबोधापुढे तो झाकोळला गेला, याची खंत वाटते.

यातल्या चमत्कारांचा मोठा भाग समर्थांच्या निधनानंतर शंभराहून अधिक वर्षांनी रचलेल्या हनुमंतस्वामींच्या बखरीतून पसरला. त्यामुळे भुताची कथा इतिहास म्हणून घेता येत नाही. भावांचं नातं मात्र व्यवहारातही उतरलेलं दिसतं. परंपरेनुसार राणूबाईंच्या अंतकाळी, 1655 च्या सुमारास, समर्थ जांबेला आले होते. श्रेष्ठ 1677 मध्ये दहीफळ येथे वारले आणि त्यांच्या मुलांची काळजी समर्थांनी वाहिली.

समर्थांच्या चाफळच्या देवस्थानाला शिवाजी महाराजांनी 1678 मध्ये सनद दिली. समर्थ ब्रह्मचारी, त्यांना मूलबाळ नाही. 1682 मध्ये सज्जनगडावर त्यांचं निधन झाल्यावर संस्थानाचा कारभार काही वर्षं शिष्यांकडे राहिला आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जांबेहून श्रेष्ठांच्या वंशातले गंगाधरस्वामी आले आणि त्यांनी तो हाती घेतला. ज्याने घर सांभाळलं, त्याच्याच वंशाकडे घर सोडून गेलेल्या भावाची गादी आली.