लष्करी परिचर्या सेवा (भारत)

भारतीय सशस्त्र दलांच्या रुग्णालयांतील परिचारिका-अधिकाऱ्यांची सेवा. 28 मार्च 1888 रोजी दहा प्रशिक्षित ब्रिटिश परिचारिका मुंबईत उतरल्या, तिथपासून तिचा इतिहास मोजतात. 1 ऑक्टोबर 1926 रोजी ती लष्कराचा कायम भाग झाली. 1943च्या अध्यादेशाने तिला आजची चौकट मिळाली: परिचारिकांना अधिकारीपद, प्रवेश मात्र फक्त स्त्रियांना.

सलाइन, औषधांचा तक्ता, तीन पाळ्या या गोष्टी मुलकी रुग्णालयातही त्याच. फरक पडतो तो हुद्द्याने. राज्य शासनाच्या रुग्णालयात अधिपरिचारिका पुढे परिसेविका, मग अधिसेविका होते. लष्करात सुरुवातच लेफ्टनंटपासून होते आणि शिडी मेजर जनरलपर्यंत जाते. गर्ट्रूड अ‍ॅलिस राम 1976मध्ये त्या पदावर पोचल्या. भारतीय लष्करात हा हुद्दा मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. वॉर्डातले बरेचसे हातचे काम वैद्यकीय कोअरचे जवान नर्सिंग असिस्टंट म्हणून करतात. त्यामुळे स्वतः करण्याइतकेच करवून घेणेही तरुण लेफ्टनंटला लवकर शिकावे लागते.

रुग्णही वेगळा. मुलकी रुग्णालयात नातेवाईक ‘आमच्या जबाबदारीवर नेतो’ म्हणून सही करतात आणि पेशंट घरी जातो. जवानाला ही सोय नाही. शिवाय डिस्चार्जच्या वेळी त्याची वैद्यकीय श्रेणी ठरते, आणि तिच्यावर पुढची नेमणूक व बढती अवलंबून असते. म्हणून ‘आता काही दुखत नाही’ हे त्याचे उत्तर जरा तपासूनच घ्यावे लागते.

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात आणि मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयात बी.एस्सी. नर्सिंगचे शिक्षण सरकारी खर्चाने होते; बदल्यात सेवेचा करार. खाजगी रुग्णालयातली परिचारिका नोटीस देऊन आखातात जाऊ शकते, सरकारी दवाखान्यातली संपावर बसू शकते. लष्करात राजीनामाही मंजूर व्हावा लागतो, संपाचा तर प्रश्नच नाही.

अधिकारीपद असूनही बरोबरी पुरती नाही. सातव्या वेतन आयोगाने लष्करी सेवा वेतन इतर अधिकाऱ्यांना दरमहा 15,500 रुपये ठरवले, परिचारिका-अधिकाऱ्यांना 10,800. लग्नाचा नियम त्याहून जाचक होता. 1977च्या एका लष्करी आदेशानुसार विवाह हे सेवामुक्तीचे कारण ठरू शकत असे. 1988मध्ये याच कारणाने एका लेफ्टनंटला काढण्यात आले. आदेश 1995मध्ये मागे घेतला गेला. तिला 60 लाख रुपयांची भरपाई देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो फेब्रुवारी 2024मध्ये.